दोन कॉलेजं, दोन कॅलेंडरं : क्रेडिट हलवायची तर कोणत्या क्रमाने

जून उजाडला की आमच्या खिडकीशी एक प्रश्न ठरलेला. "सर, तिकडे माझे ४२ क्रेडिट झालेत, तुम्ही किती धरणार?" म्हणजे कॉलेज बदलताना, आधीच्या कॉलेजात मिळवलेले क्रेडिट (तासांवरून मोजलेलं अभ्यासाचं माप) नवं कॉलेज किती मान्य करणार. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात माझी बरीच वर्षं गेली, पण या प्रश्नाला मी आकड्याने उत्तर देत नाही. उलट विचारतो, "तुझी शेवटची परीक्षा कधी संपते आणि निकाल कधी लागतो?" पोरं बावचळतात. त्यांनी घरून सिलॅबसची तयारी करून आणलेली असते. सिलॅबसचं भांडण टेबलावर बसून, पान समोर ठेवून मिटतं. तारीख हुकली की मात्र प्राचार्यांनाही काही करता येत नाही, आणि पोराचं अख्खं वर्ष घरी बसून जातं.

आपल्या पट्ट्यात हा घोळ जास्त होतो, कारण खाडीच्या दोन्ही बाजूंना सगळ्या प्रकारच्या संस्था आहेत. मुंबई विद्यापीठाशी संलग्न साधी कॉलेजं आहेत. ठाण्याचं बांदोडकर, जोशी-बेडेकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यासारखी स्वायत्त कॉलेजं आहेत, ती स्वतःचा सिलॅबस आणि स्वतःचं वेळापत्रक ठरवतात. नेरूळला अभिमत विद्यापीठ आहे, पनवेल-खारघरकडे खासगी विद्यापीठं आहेत. ट्रान्स हार्बरने पाऊण तासात एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाता येतं. क्रेडिटना तेवढाच प्रवास करायला कधीकधी पाच महिने लागतात.

आधी तुमची बदली कोणत्या प्रकारची ते ठरवा

मुंबई विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्या संलग्न कॉलेजात जायचं असेल, तर हा लेख अर्धाच वाचा. सिलॅबस एक, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) एक, परीक्षा जवळपास एकाच वेळी. ना हरकत, ट्रान्सफरचे कागद आणि जागा, एवढ्यावर काम होतं. फक्त तुमचे मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचे निवडीचे) विषय नव्या कॉलेजात शिकवतात का, ते बघा. तिथेच अडकतं.

संलग्न कॉलेजातून स्वायत्त कॉलेजात किंवा उलट जाताना विद्यापीठ तेच राहतं, पण सिलॅबस आणि कॅलेंडर बदलतं. स्वायत्त कॉलेजांनी नवीन शैक्षणिक धोरणाची रचना २०२३-२४ पासून घेतली, संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून आली. मधे गॅप घेऊन परत येणाऱ्या मुलाचा एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, जुन्या रचनेचा असेल, तर त्याच्या गुणपत्रिकेत आजचे अर्धे रकाने सापडतच नाहीत.

तिसरा प्रकार सगळ्यात किचकट. वेगळं विद्यापीठ, वेगळं कॅलेंडर. पात्रता प्रमाणपत्र, मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), समकक्षता (जुने कोर्स नव्यांच्या बरोबरीचे ठरवून घेणं), सगळंच करावं लागतं. पुढचं बहुतेक लिखाण याच लोकांसाठी आहे.

इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ वगैरे व्यावसायिक अभ्यासक्रमांत बदलीचे नियम त्या त्या परिषदेचे आणि राज्याच्या संचालनालयाचे असतात. तिथे क्रेडिटच्या आधी रिकामी जागा आणि प्रवेशाची फेरी बघतात. त्या वाटेला हा लेख लावू नका.

एकच मोठा कागद घ्या

लॅपटॉपवर एक्सेल उघडू नका. कॅलेंडरचा मागचा कोरा कागद चालतो, मी तोच वापरतो. आडवी रेघ मारून मे ते पुढचा जून असे महिने पाडा. रेघेच्या वर जुन्या कॉलेजच्या तारखा, खाली नव्याच्या.

वर या तारखा हव्यात : सत्राची शेवटची परीक्षा, निकालाचा अंदाज, गुणपत्रिका हातात पडायचा दिवस, सुट्टीमुळे ऑफिस बंद असण्याचे दिवस. खाली : प्रवेशाची शेवटची तारीख, पहिलं लेक्चर, पहिली अंतर्गत चाचणी, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख. अंतर्गत चाचणी बहुतेक जण विसरतात. ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलाची जुलैतली चाचणी बुडालेली असते, आणि ते गुण नंतर कुठून आणायचे याचं उत्तर कोणाकडे नसतं.

निकालाची तारीख कशी धरायची? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. नियोजन नेहमी ४५ दिवसांवरच करा. वर गुणपत्रिका छापून यायला आणखी पंधरा दिवस ठेवा. शेवटचा पेपर १२ मेला असेल तर २६ जूनपर्यंत निकाल आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कागद, असं डोक्यात धरा. आधी लागला तर आनंदच.

आता रेघेकडे बघा. वरचा निकाल खालच्या पहिल्या लेक्चरच्या नंतर येत असेल, तर तुमची सत्रं एकमेकांवर चढली आहेत. मधे तीन-चार महिने रिकामे राहत असतील, तर पोकळी आहे. दोन्हीचे इलाज वेगळे आहेत, पुढे देतो. त्याआधी क्रेडिटचा हिशेब, कारण नव्या कॉलेजशी पहिलं बोलणं त्यावरच होतं.

३ क्रेडिट म्हणजे किती तास?

ऐरोलीची एक मुलगी आमच्याकडे आली होती. एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष झालेलं. तिथे वर्षाला तीन ट्रायमेस्टर. गुणपत्रिकेवर १४ कोर्स, प्रत्येकी ३ क्रेडिट, एकूण ४२. तिला यायचं होतं त्या संलग्न कॉलेजच्या पहिल्या वर्षाची रचना ४४ क्रेडिटची. बाप म्हणाला, "दोनच कमी पडतात ना? एखादा कोर्स देईल ती."

कमी दोन नव्हते पडत. आपल्याकडच्या रचनेत थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणी, आणि प्रॅक्टिकल, प्रकल्प किंवा क्षेत्रकामाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. तिचा ट्रायमेस्टर ११ आठवड्यांचा, आठवड्याला ३ तास. म्हणजे एका कोर्सचे ३३ तास. थिअरीच्या मापाने त्याचे २ क्रेडिट होतात आणि ३ तास उरतात. १४ कोर्सचे झाले २८. समकक्षता ठरवणाऱ्या समितीने पहिल्या अर्जावर २८च लिहिले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

मग मी तिला जुन्या विद्यापीठातून प्रत्येक कोर्सचा हँडआउट आणायला सांगितलं. पहिल्या दिवशी शिक्षक वर्गात वाटतात ना, आठवड्यागणिक काय शिकवणार, किती तास, कोणती असाइनमेंट, तो कागद. नऊ कोर्समध्ये प्रत्येकी ३० तासांचा प्रकल्प किंवा सर्वेक्षण लिहिलेलं निघालं. ३३ तास थिअरीचे २ आणि ३० तास प्रकल्पाचा १, असे त्या नऊ कोर्सना पूर्ण ३ क्रेडिट मिळाले. नऊ त्रिक सत्तावीस आणि उरलेल्या पाचांचे दहा, एकूण ३७. एका कागदाने ९ क्रेडिट वाढवले. गुणपत्रिकेवर हे तास कुठेच छापलेले नसतात, म्हणून नुसती गुणपत्रिका घेऊन येणाऱ्याचा हिशेब कायम कमीच निघतो.

दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत याला आणखी एक कारण आहे. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचं एकूण शिक्षण, त्यात घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षा सगळं धरलेलं. वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास. काही विद्यापीठं या मापाने क्रेडिट छापतात, काही वर्गातल्या तासांनी. म्हणून नव्या कॉलेजात जाऊन "क्रेडिट किती धरता" असं विचारू नका, "तुम्ही वर्गातले तास मोजता की एकूण तास?" असं विचारा. समोरचा माणूस लगेच नीट बसून बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एवढंच : अमेरिकेतल्या क्वार्टर पद्धतीतले ३ क्रेडिट म्हणजे तिथल्या सेमिस्टरचे २, आणि युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात. तो आकडा बघून कोणी खूश होऊ नये.

जुळवणीचा तक्ता

अर्जासोबत एक तक्ता जोडायचा. कॉलेज मागो न मागो. डावीकडे तुमचा कोर्स, त्याचे तास, क्रेडिट, ग्रेड. उजवीकडे नव्या कॉलेजचा त्याला सगळ्यात जवळचा कोर्स आणि तो कोणत्या रकान्यात बसतो. मधल्या रकान्यात कोणती युनिट जुळतात ते. चारपैकी तीन युनिट जुळत असतील तर समिती सहसा हो म्हणते, दोनच असतील तर शिक्षकावर अवलंबून. ट्रायमेस्टरवाल्यांनी दोन छोटे कोर्स मिळून एक मोठा, अशी जोडी लावायला लाजू नये. 'सूक्ष्म अर्थशास्त्र १' आणि 'सूक्ष्म अर्थशास्त्र २' मिळून ६६ तास होतात, समोरचा ४ क्रेडिटचा कोर्स ६० तासांचा असतो. जोडी लावली की युनिटही भरतात.

पण खरी मारामारी रकान्यांची आहे. राज्याच्या २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने पदवीचे क्रेडिट वेगवेगळ्या कप्प्यांत वाटले आहेत. मेजर (मुख्य विषय), मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा-क्षमता, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम, पुढे ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग. एका कप्प्यातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्या कप्प्यात ओतता येत नाहीत. मेजरचे ६ जादा असतील आणि भारतीय ज्ञान प्रणालीचे २ नसतील, तर तुम्ही २ने कमीच. ऐरोलीच्या मुलीचे जे ७ कमी पडले, ते सगळे असल्याच कप्प्यांतले होते. तिच्या आधीच्या विद्यापीठात ते कोर्सच नव्हते. आणि आपल्याकडचे हे कोर्स दोनदोन क्रेडिटचे असल्याने ७ भरायला तिला चार कोर्स, म्हणजे ८ क्रेडिट करावे लागले.

ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. वाणिज्य शाखेत असताना हौसेने अर्थशास्त्राचा ओपन इलेक्टिव्ह घेतला आणि आता अर्थशास्त्रच मेजर घेऊन कला शाखेत निघालात, तर तो ओपन इलेक्टिव्ह म्हणून गेला. मेजरमध्ये धरता येईल का, ते विचारा. कधी धरतात.

अपार आयडीची खोड

क्रेडिट बँकेचं नाव आता सगळ्यांनी ऐकलंय. २०२१च्या जुलैत ती सुरू झाली. अपार म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. तुमचा १२ अंकी अपार क्रमांक डिजिलॉकरमध्ये तयार होतो आणि संस्था तुमचे क्रेडिट त्यात भरते. 'संस्था भरते' हे लक्षात ठेवा. तुम्ही गुणपत्रिका घेऊन जाऊन तिथे स्वतः काही जमा करू शकत नाही. मुलं मला मोबाइल दाखवतात, "सर, इथे शून्य दिसतंय." बँकेत बिघाड नसतो, जुन्या कॉलेजने अजून भरलेलं नसतं. त्यांच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आणि तारीख आपल्या मोठ्या कागदावर मांडा.

दुसरी खोड नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं वेगळ्या ओळीत. आधारवर नाव आधी. कुठे वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं, कुठे नाही. जुन्या कॉलेजात एक स्पेलिंग, इथे दुसरं. यातून दोन अपार क्रमांक तयार झालेली मुलं मी बघितली आहेत, अर्धे क्रेडिट एकात, अर्धे दुसऱ्यात. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधीच उरकायचं. जूनमध्ये आधार केंद्रावर दहावीच्या मुलांची रांग असते.

बँकेतले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात. आणि क्रेडिट बँकेच्या २०२१च्या नियमांत आणखी एक अट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते : पदवीसाठी लागणाऱ्या क्रेडिटपैकी निदान निम्मे, तुम्ही जिथून पदवी घेणार त्या संस्थेत मिळवलेले हवेत. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. १३२ धरा, निम्मे झाले ६६. दुसरं वर्ष संपवून ८८ क्रेडिट घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेलात, तर तिसऱ्या वर्षाचे उरतात ४४. अट मोडली. म्हणून विद्यापीठ बदलायचं तर पहिल्या वर्षानंतर, फार तर तिसऱ्या सेमिस्टरनंतर. एकाच विद्यापीठाच्या दोन संलग्न कॉलेजांत पदवी विद्यापीठच देतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

कागद कोणत्या क्रमाने

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझा भाचा कळव्याचा. त्याला मी, या खात्यातला मामा, म्हणालो, "आधी लिव्हिंग (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढून आण, मग बघू." त्याने काढलं. ज्या कॉलेजात जायचं होतं, तिथल्या समितीची बैठक गणपतीनंतर होती. गणपती झाले, बैठक झाली, त्याला दुसऱ्या सेमिस्टरऐवजी पुन्हा पहिल्यात बसायला सांगितलं. जुन्या कॉलेजात परत जावं तर तिथे नाव कमी झालेलं, जागा भरलेली. बहिणीने दिवाळीपर्यंत माझ्याशी नीट बोलणं टाकलं, आणि बरोबरच केलं तिने.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी नव्या कॉलेजला जुळवणीचा तक्ता आणि झेरॉक्स देऊन समकक्षतेचा अर्ज. मग त्यांचं लेखी उत्तर, किती क्रेडिट, कोणत्या सेमिस्टरमध्ये प्रवेश, कोणते कोर्स भरून काढायचे. मग जुन्या कॉलेजातून ना हरकत. आणि सगळ्यात शेवटी लिव्हिंग, टीसी, दुसरं विद्यापीठ असेल तर मायग्रेशन. "हो हो, होऊन जाईल" हे लेखी उत्तर नाही, मग ते कितीही मोठ्या खुर्चीतून आलेलं असो.

नवं कॉलेज म्हणतं, आधी लिव्हिंग आणा मगच अर्ज घेऊ, असंही होतं. तेव्हा हमीपत्र द्यायची तयारी दाखवा : समकक्षतेचं पत्र मिळाल्यापासून अमुक दिवसांत मूळ कागद जमा करीन. प्राचार्यांकडे शांतपणे मागितलं तर बहुतेक वेळा चालतं. काउंटरवर आवाज चढवून मागितलं तर कधीच चालत नाही.

सिलॅबसच्या प्रती नेटवरून काढल्या तरी त्यावर जुन्या कॉलेजचा शिक्का हवा, प्रत्येक पानावर. चाळीस पानांवर शिक्के मारायला ऑफिसातल्या काकांना वेळ लागतो, त्यांना दुपारी जेवणानंतर गाठा, सकाळी फीच्या रांगेत नको. हँडआउट विभागप्रमुखांच्या सहीने घ्या. आणि तुम्ही घेतलात त्याच वर्षाचा सिलॅबस आणा, मधे सिलॅबस बदललेला असतो.

एखाद्या विषयात केटी असेल तर लपवू नका. नापास कोर्सचे क्रेडिट हलत नाहीत, पण उरलेले हलतात. ती केटी कुठे द्यायची, जुन्या ठिकाणी परत जाऊन की नव्या ठिकाणी जुळणाऱ्या विषयात, हे समकक्षतेच्या पत्रातच लिहून घ्या.

सत्रं एकमेकांवर चढली तर

ऐरोलीच्या मुलीचं हेच होतं. तिसऱ्या ट्रायमेस्टरची परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, निकाल जुलैच्या मध्यावर. इकडे एसवायचे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे, वर्ग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू.

अशा वेळी तात्पुरता प्रवेश मागायचा. पहिल्या दोन ट्रायमेस्टरची गुणपत्रिका, तिसऱ्याचं हॉल तिकीट, आणि जुन्या विद्यापीठाकडून 'परीक्षेस बसली आहे, निकाल अमुक सुमारास अपेक्षित' असं पत्र. काही संस्था निकालाआधी गोपनीय पाकिटातून गुण थेट दुसऱ्या संस्थेला कळवतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून विचारा.

हजेरीचा प्रश्न लगेच त्याच दिवशी मिटवा. ७५ टक्के हजेरी वर्ग सुरू झाल्यापासून मोजणार की प्रवेशाच्या तारखेपासून? तोंडी उत्तर नेहमी "प्रवेशापासून" असंच येतं. ऑक्टोबरमध्ये डिफॉल्टरची यादी लागते ती मात्र संगणकाने पहिल्या दिवसापासून मोजलेली. अर्जावर एका ओळीत लिहून घ्या, वर्गशिक्षकांनाही एक प्रत द्या.

फीचं काय? जुन्या कॉलेजात पुढच्या वर्षाची फी भरून बसला असाल तर ती अडकते. नव्याने घेतलेला प्रवेश रद्द केला तर विद्यापीठ अनुदान आयोगाचं २०१८चं परिपत्रक लागू होतं : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलात तर पूर्ण परतावा, त्यातून प्रक्रियेपोटी ५ टक्के, पण ५००० रुपयांहून जास्त नाही. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, मग शून्य. त्याच परिपत्रकात मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला मनाई आहे. ही शेवटची तारीखही मोठ्या कागदावर हवी. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी कॉलेज बदलण्याआधी दोन्हीकडच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन यावं. जुन्या कॉलेजात पडून राहिलेला अर्ज नव्या अर्जाला आडवा येतो.

मधे पोकळी राहिली तर

उलट परिस्थिती. जुन्याकडचं सत्र जानेवारीत संपलं, नव्याकडे प्रवेश जूनलाच. आई-बाप म्हणतात, चार महिने फुकट गेले. मला विचाराल तर बदली करणाऱ्यासाठी हे चार महिने सगळ्यात मोलाचे, कमी पडणारे क्रेडिट इथेच भरता येतात.

स्वयंम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, जानेवारीत आणि जुलैमध्ये. त्यातला एनपीटीईएलचा (आयआयटींच्या कोर्सचा) ४ आठवड्यांचा कोर्स साधारण १ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २, १२ आठवड्यांचा ३. अंतिम गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास होते, म्हणजे जूनच्या प्रवेशाच्या जवळपास निकाल हातात येतो. जुलैच्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास, आपल्या सेमिस्टरच्या पेपरांशी टक्कर देणारी. एरवी मी मुलांना जुलैचं सत्र टाळायलाच सांगतो.

अनुदान आयोगाच्या स्वयंमसाठीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयंमचे चालतात. पण कोणता कोर्स कोणत्या कप्प्यात धरायचा, हे नवं कॉलेज ठरवतं, आणि ते नाव नोंदवण्याआधी विचारायचं. एका मुलाने १२ आठवडे घाम गाळून डेटा सायन्सचा कोर्स केला, ७८ गुण आणले, आणि त्याला हवे होते भाषा-क्षमतेचे क्रेडिट. प्रमाणपत्र छान फ्रेम करून घरी लावलंय.

ऐरोलीच्या मुलीला पोकळी नव्हती, म्हणून तिने कमी पडलेले चार कोर्स एसवायच्या दोन सेमिस्टरमध्ये दोन-दोन वाटून घेतले. एका सेमिस्टरला २२ ऐवजी २६ क्रेडिट. याहून जास्त घेऊ नये असं माझं मत. ३० क्रेडिट घेऊन बसलेली मुलं डिसेंबरात केटीच्या यादीत दिसतात.

प्रवेश झाल्यावरही दोनदा तपासा

पहिल्यांदा, परीक्षा फॉर्म भरताना. नव्या कॉलेजच्या प्रणालीत तुमचे आणलेले क्रेडिट चढले आहेत का, आणि ग्रेडसकट चढलेत की नुसते क्रेडिट? दोन्ही पद्धती आहेत. ग्रेडसकट आणले तर सीजीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या एकूण सरासरीत, मिसळतात. ४ क्रेडिटला ८ आणि २ क्रेडिटला ९ ग्रेड पॉइंट असतील तर ३२ अधिक १८, म्हणजे ५० भागिले ६, ८.३३. नुसते क्रेडिट आणले तर सरासरी फक्त नव्या कॉलेजच्या कोर्सवर निघते. जुने गुण चांगले असतील तर पहिली पद्धत फायद्याची, वाईट असतील तर दुसरी. निवड तुमच्या हातात क्वचितच असते, पण कुठली लागू आहे हे माहीत असलं म्हणजे पुढे मास्टर्सच्या प्रवेशाला धक्का बसत नाही. दहाच्या मापात टक्के बसवतानाही चूक होते, तो हिशेब एकदा स्वतः करून बघा.

दुसऱ्यांदा, पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की. अपार खात्यात जुन्या आणि नव्या दोन्ही संस्थांचे क्रेडिट दिसायला हवेत, आणि एकच कोर्स दोनदा चढलेला नको. पात्रता प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघा. ते पक्कं झालं नाही तर निकाल राखून ठेवतात, आणि ही गोष्ट कळते ती बरेचदा निकालाच्या दिवशीच.

समकक्षतेच्या पत्राची मूळ प्रत कोणत्याही खिडकीवर जमा करू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवा. पदवीच्या वेळी, दोन वर्षांनी, तेच पत्र पुन्हा मागतात, आणि तोवर खिडकीमागचा माणूस बदललेला असतो. ऐरोलीची मुलगी गेल्या वर्षी आली तेव्हा तिच्या फाइलमध्ये पहिल्याच खिशात ते पत्र होतं, आणि त्याच्या मागे घडी घातलेला तो कॅलेंडरचा कागद.